चिमणीनं बंद पाडलेलं इंजिन

तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं एवढीशी, चालणं तुरुतुरु, आणि तोंड उघडलं की अख्खी गल्ली जागी. खरं नाव फक्त नवऱ्याच्या तोंडी होतं. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, त्यामुळे ते नाव तसंच पडून राहिलं होतं. घरात ती आणि सासू. सासूचे गुडघे गेलेले, पण कान शाबूत आणि जिभेला धार. दोघींचं रोज वाजायचं आणि दोघींना एकमेकींवाचून करमायचंही नाही.

चिमणीचा धंदा कोंबडीच्या पिल्लांचा. मागच्या खोलीत जुन्या फ्रिजचा सांगाडा आडवा टाकून, आत बल्ब लावून तिनं अंडी उबवायची पेटी केली होती. बल्बच्या उबेवर तीन आठवडे अंडी ठेवायची, दिवसातून कितीदा तरी हातानं फिरवायची, आणि पिल्लं निघाली की टोपलीत घालून दारोदार विकायची. वस्तीत असं एकही घर नव्हतं जिथे चिमणीची टोपली टेकली नव्हती. कुणाची सून रुसलीय, कुणाचा म्हातारा खोकतोय, सगळं तिला ठाऊक.

पण पेटीला ऊब हवी, उबेला वीज हवी, आणि विजेचं सगळं इंजिनवाल्याच्या हातात.

वस्तीत सरकारी लाइट होती. खांब होते, तारा होत्या, घरोघरी मीटरही लावलेले होते. फक्त लाइट पाहुण्यासारखी यायची, कधी येईल आणि कधी उठून चालू लागेल याचा नेम नाही. म्हणून वस्तीच्या तोंडाशी ज्याची पिठाची गिरणी होती त्यानं गिरणीच्या डिझेल इंजिनाला जनित्र जोडलं आणि घरोघरी आपली वायर ओढली. दिवसा दळण, संध्याकाळी उजेड. गल्लीत मान वर केली की आभाळाआधी त्याच्या वायरी दिसायच्या. इंजिनाची धडधड इतकी अंगवळणी पडली होती की ते बंद झालं की लहान मुलं दचकून रडायची. माणूस दिसायला सभ्य, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं हळू. ओरडायची त्याला गरजच नव्हती. ज्याच्यावर राग आला त्याचा दिवा त्या संध्याकाळी लागायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस आपणहून गिरणीवर येऊन गोड बोलायचा.

भांडण झालं ते गिरणीच्या रांगेत. कोपऱ्यावरचा डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळला होता आणि सरकारी लाइट जी गेली ती परत यायचं नाव घेत नव्हती. डीपी दुरुस्त करायला माणसं आज येतो, उद्या येतो म्हणत होती. इंजिन दिवसरात्र चालू होतं, आणि इंजिनवाल्यानं दर वाढवून घरांचे दिवे मात्र लवकर बंद करायला सुरुवात केली होती. दुकानांना वीज, घरांना अंधार. लोक आपापसात कुरकुरत होते. चिमणी डब्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "काका, तुमचा दिवा म्हणजे आमच्या घरातला जावई झालाय. मान पुरता घेतो आणि जेवण व्हायच्या आत निघतो."

रांग खो खो हसली. दळण टाकणारा हसला, मागे उभी असलेली औषधाच्या दुकानवाली तोंडाला पदर लावून हसली. इंजिनवाल्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझी पेटीसुद्धा माझ्याच वायरीवर आहे ना गं?"

"आहे की. आणि तिचे वेगळे पैसे आगाऊ दिलेत मी."

"हो, हो. दिलेत," तो म्हणाला, आणि तिचं दळण घेतलं.

त्याच आठवड्यात पेटीतली अंडी बोलायला लागली. पिल्लं बाहेर यायच्या आदल्या दिवशी अंड्याच्या आतूनच चिवचिवायला लागतात. चिमणीला तो आवाज फार आवडायचा. पेटीला कान लावून ती सासूला हाक मारायची, "आई, या, ऐका, आज गर्दी आहे नुसती." सासू कुरकुरत यायची आणि मग बराच वेळ तिथून हलायची नाही.

त्याच दुपारी बल्ब विझले. चिमणीला वाटलं, इंजिन बंद पडलं असेल. पण धडधड तर चालूच होती. शेजारणीच्या घरात पंखा फिरत होता. ती धावत बाहेर आली तर तिच्या घराकडे येणारी वायर खांबावरून तुटून लोंबत होती आणि इंजिनवाल्याचा माणूस, सगळे ज्याला शिडीवाला म्हणत, तो खांद्यावर शिडी टाकून निघाला होता.

"अरे, काय केलंस? पिल्लं निघतायत माझी!"

शिडीवाल्यानं मान खाली घातली. "मला सांगितलं, मी कापली. त्यांना विचार, ताई."

ती तशीच अनवाणी गिरणीवर गेली. इंजिनवाला खुर्चीत बसून दात कोरत होता. समोर रांग होती. चिमणी आयुष्यात कुणासमोर वाकली नव्हती, त्या दिवशी वाकली. "काका, माझं चुकलं. एक दिवस जोडा. उद्या पाहिजे तर कापा. जीव आहेत हो आत."

तो रांगेकडे बघत म्हणाला, "फुंकर मारली की विझते ती चिमणी. तिला कुणी सांगितलं होतं इंजिनाच्या नादी लागायला?"

आणि रांग पुन्हा हसली. चार दिवसांपूर्वी तिच्या बोलण्यावर हसली होती तीच माणसं, तशीच, खो खो. तिला नंतर कित्येक दिवस पिल्लांपेक्षा ते हसणं जास्त आठवलं.

दोघी बायकांनी करायचं ते सगळं केलं. चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, अंडी गोधडीत गुंडाळली. सासूनं मूठभर अंडी पोटाशी धरली आणि भिंतीला टेकून बसली ती हलली नाही. आधी चिवचिव बारीक झाली. मग एकेक आवाज गळत गेला. अंधार पडायच्या सुमाराला सासू म्हणाली, "माझ्या पोटाशी होतं ते पण गप्प झालं गं." हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं जगली. बाकीची कवचात चोच घालून, अर्धा टवका उडवून, तशीच.

चिमणीनं परसात खड्डा खणून सगळं पुरलं. रडली नाही. हात धुताना म्हणाली, "याचं इंजिन मी बंद पाडणार."

"जाऊ दे पोरी. पाण्यात राहून कुणाशी..." सुनेचा चेहरा बघून सासू बोलता बोलता थांबली.

पहिल्यांदा चिमणीच्या डोक्यात आली ती साखर. डिझेलच्या टाकीत साखर टाकली की इंजिनाचं वाटोळं होतं असं तिनं नवऱ्याकडून ऐकलं होतं. पुडी बांधून ती एकदा शेडपर्यंत जाऊनही आली. पण दाराशी उभं राहून तिला वाटलं, इंजिन बिघडलं तर तो दुरुस्त करील, आणि तेवढे दिवस लोक त्याच्या नावानं हळहळतील. तिला त्याच्यासाठी हळहळ नको होती. त्यानं धडधाकट इंजिनाशेजारी बसून माशा मारायला हव्या होत्या. पुडी घेऊन ती घरी आली आणि साखर डब्यात परत ओतली. सासूनं विचारलं, "कुठे नेली होतीस साखर फिरायला?"

वाट सापडली ती मोठ्या बाजारात. घरच्या कोंबड्या विकायला गेली होती तेव्हा एक माणूस जमिनीवर कापड पसरून दिवे विकताना दिसला. पाटीएवढी काळी पट्टी उन्हात ठेवायची आणि तिला जोडलेला दिवा संध्याकाळभर जाळायचा. वायर नाही, डिझेल नाही, कुणाला काका म्हणायला नको. चिमणी तिथेच उकिडवी बसली.

"बिघडला तर?"

"माझ्याकडे आणायचा. दर आठवड्याला इथेच असतो."

"नसलास तर?"

"बाई, तुमच्याशी भांडायची हिंमत कुणाची आहे?" दिवेवाला हसला. दोन दिवे घेऊन ती घरी आली.

आता अडचण अशी की असल्या दिव्यांचं नाव वस्तीत आधीच मातीत गेलं होतं. मागे कुणीतरी मोठ्या गाड्यांतून येऊन घरोघरी उन्हावरचे दिवे फुकट वाटले होते, मुलांना हातात दिवे देऊन फोटो काढले होते आणि निघून गेले होते. पहिल्या पावसाळ्यातच सगळे दिवे मेले. दुरुस्तीला न्यायचे कुठे, कुणालाच माहीत नव्हतं. मुलांनी त्यांच्या काचा काढून खेळायला घेतल्या. म्हणून चिमणी दिवा दाखवायची तेव्हा बायका म्हणायच्या, "हे खेळणं आहे आमच्याकडे, आणखी नको."

चिमणी वाद घालत बसली नाही. पिल्लं जशी उधारीवर द्यायची तसा तिनं दिवा ठेवून यायला सुरुवात केली. वापरा, आवडला तर ठेवा, हळूहळू फेडा, पैसे नसतील तर अंडी द्या. माझ्याच कोंबड्या आहेत तुमच्या दारात, त्यांनाही कळू दे आपण कुणाचं देणं लागतो. बिघडला तर मी इथेच राहते, माझं घर उचलून नेणार नाही कुणी. अंडी ती बाजारात विकायची आणि त्याचेच दिवे आणायची. सुरुवात केली ती वायरीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांपासून, जिथे इंजिनाचा उजेड पोचेपर्यंत पिवळट होऊन जायचा आणि पैसे मात्र पुरते द्यावे लागायचे.

एकच अट घालायची. दिवा ठेवून घेणार असाल तर इंजिनाची वायर तुम्ही स्वतः सोडवायची, गुंडाळी करायची आणि गिरणीवर जाऊन त्याच्या हातात द्यायची. दिवसाढवळ्या. रांग असताना.

"अगं, उगाच कशाला? मी नुसते पैसे देणं बंद करते ना," एकीनं म्हटलं.

"मग दिवा परत दे."

"अशी कशी गं तू?"

"अशीच."

पहिली गुंडाळी घेऊन गेली ती एक विधवा धोबीण. घाबरत घाबरत गेली, गुंडाळी खुर्चीशेजारी ठेवली आणि पळत आली. चिमणी समोरच्या ओट्यावर टोपली घेऊन बसली होती. इंजिनवाल्यानं गुंडाळीकडे पाहिलं, मग चिमणीकडे, आणि त्या दिवशी चिमणीला पोटभर जेवण गेलं.

मग गुंडाळ्या येतच राहिल्या. आठवड्याला एक, कधी दोन. इंजिनवाला खवळला, पण तसा हुशार होता. त्यानं दर उतरवले आणि घरांचा उजेड जेवणं उरकून भांडी घासून होईपर्यंत चालू ठेवला. लोक खूश. दिवे घेतलेल्या दोघी-तिघी परत वायर लावून आल्या. एक जण चिमणीला रस्त्यात अडवून कौतुकानं म्हणाला, "तुझ्यामुळे त्याला अक्कल आली बघ. आता झालं ना सगळं नीट? मिटव आता."

मिटव! चिमणी घरी येऊन भांडी आपटत बसली. तिच्या पिल्लांच्या जिवावर वस्तीला स्वस्त वीज मिळाली होती, आणि तिनं म्हणे मिटवायचं.

"लोकांचं भलं झालं की," सासू म्हणाली.

"मी लोकांचं भलं करायला निघाले होते कधी?"

खरंच होतं ते. चिमणीनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.

तिनं मग घरांचा नाद सोडला आणि थेट त्याच्या कमाईच्या मुळाशी हात घातला. इंजिनवाल्याचं पोट घरांवर नव्हतंच. ते दुकानांवर होतं, आणि दुकानांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानवाली, जिच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं असायची. चिमणी रोज संध्याकाळी तिच्या पायरीवर जाऊन बसू लागली. ती मोठ्या पट्ट्यांबद्दल बोलायची, दिवेवाल्यानं सांगितलेलं सांगायची, आणि मधूनच म्हणायची, "तुमच्यावर राग आला तर तो काय करील हो, ताई? इंजेक्शनांना गोधडीत गुंडाळता येतं का?"

एक दिवस दुकानवाली चिडली. "रोज तेच काय बोलतेस? हसले होते मी त्या दिवशी, माहितीये मला. त्याचं वाईट वाटत नाही असं वाटतं का तुला?"

"वाईट वाटून माझं काय भरलं?" चिमणी म्हणाली. "छपरावर पट्ट्या बसवा."

दुकानवालीनं बसवल्या. तिचं पाहून डेअरीवाल्यानं बसवल्या, मग मोबाइलवाल्यानं. स्वस्तात वीज देऊन इंजिनवाल्यानं आधीच हात पोळून घेतले होते, आता मोठी गिऱ्हाइकं गेल्यावर डिझेलचाही खर्च निघेना. त्यानं पुन्हा दर वाढवले, आणि उरलेली घरं चिमणीच्या दाराशी आली. तिनं कुणालाही सोडलं नाही. प्रत्येकाला गुंडाळी घेऊन गिरणीवर पाठवलं. शेवटी शेवटी तर तो वर बघायचाही नाही, नुसता हात पुढे करायचा.

एका सकाळी शिडीवाला दारात आला. इंजिनवाल्यानं त्याला काढून टाकलं होतं. शिडी भिंतीला टेकवून तो म्हणाला, "ताई, छपरांवर पट्ट्या बसवायला माणूस लागत असेल ना?"

सासू आतून ओरडली, "तोंड बघा मेल्याचं! हातात पक्कड घेऊन आला होतास ना त्या दिवशी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमणीनं त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. तिला वाटत होतं की आपल्याला दया येईल. आली नाही. पण दुसरंच काहीतरी सुचलं आणि तिला ते फार आवडलं. "ये उद्यापासून. गिरणीसमोरच्या घरापासून सुरुवात कर. आणि शिडी मधल्या रस्त्यानंच न्यायची, त्याच्या दारावरून."

इंजिन विकलं गेलं त्या दुपारी चिमणीनं कपाटातली चांगली साडी काढली. शेजाऱ्याची खुर्ची मागून आणली, गिरणीसमोर रस्त्याच्या कडेला मांडली आणि पाय पसरून बसली. हमालांनी इंजिनाला दोर बांधले, फळ्यांवरून ते टेम्पोत चढवलं. तेलानं काळं झालेलं, वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान. लोक जमले होते, पण कुणी हसत नव्हतं. इंजिनवाला टेम्पोच्या मागे उभा होता. इस्त्री त्या दिवशीही कडक होती. तो सरळ तिच्याकडे चालत आला.

"समाधान झालं?"

"अजून बघतेय," चिमणी म्हणाली. "बाजूला व्हा, दिसत नाही."

टेम्पो वळणाआड गेल्यावर ती खुर्ची घेऊन घरी आली. गल्ली इतकी शांत वाटत होती की शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी ऐकू आलं असतं.

मग एके दिवशी इंजिनवाल्याची बायको आली. चिमणी तिला कधी वावगं बोलली नव्हती. बाई दारातच उभी राहिली. आता गिरणी सरकारी लाइट येईल तेव्हाच चालते, घरात दोन दिवस अंधार आहे, एक दिवा पाहिजे, पैसे लगेच देते, असं तिनं खालच्या आवाजात सांगितलं. फळीवर दिवे ओळीनं मांडलेले होते, लपवता येण्यासारखं काही नव्हतं.

"दिवे संपलेत," चिमणी म्हणाली.

बाईनं फळीकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि वळली.

"थांब गं," सासूचा आवाज आला. म्हातारी भिंत धरत धरत आपल्या खोलीतून आली. हातात तिच्या उशाशी असायचा तो दिवा होता. तिनं तो त्या बाईच्या हातात दिला, काळी पट्टीही दिली, उन्हात कशी ठेवायची ते सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

बाई गेल्यावर चिमणी म्हणाली, "तुमच्यासमोर मेली ना ती पिल्लं? तुमच्या पोटाशी होती ना?"

"होती. म्हणून इंजिन जाताना मी काही बोलले नाही. ह्या बाईनं काय केलं होतं?"

"त्याच्या ताटात वाढत होती."

"मग मी तुझ्या ताटात वाढते त्याचं काय?" सासू म्हणाली आणि आत गेली.

दोघी तीन दिवस बोलल्या नाहीत. सासू संध्याकाळी अंधारात बसायची, मुद्दाम, दार उघडं टाकून. चौथ्या दिवशी चिमणीनं फळीवरचा एक दिवा उचलून तिच्या उशाशी आपटला. सासूनं तो लावला आणि म्हणाली, "याचा उजेड आधीच्यापेक्षा बरा आहे." त्या रात्री जेवायला दोघी एका ठिकाणी बसल्या.

डीपी यथावकाश दुरुस्त झाला आणि यथावकाश पुन्हा जळला. चिमणीच्या दिव्यांचा जम बसला. तिच्याहून स्वस्त विकणारा एक जण मधे येऊन गेला, पण तो दुरुस्तीला थांबला नाही, म्हणून टिकला नाही. छपरावर मोठी पट्टी बसवून तिनं पेटीही परत सुरू केली. इंजिनवाला आता रस्त्यात दिसला की आधी मान लववतो. ती बघितलं न बघितल्यासारखं करते. लोक म्हणतात, किती दिवस धरून ठेवशील, म्हातारा झाला तो. ती म्हणते, "होऊ दे की. मी काय तरुण होतेय?"

संध्याकाळी बाजारातून परतताना ती वस्तीवर नजर टाकते. एकेक दिवा तिला ओळखता येतो, कुणाचा कोणता, किती दिवसांपूर्वी दिलेला, कुणाची अंडी अजून यायचीत. सगळं डोळ्यांत भरून घेते आणि तिला बरं वाटतं. फक्त गिरणीमागच्या खिडकीत एक दिवा लागतो, सासूनं दिलेला. तो दिसला की तिची पावलं आपोआप भरभर पडायला लागतात.